जाहीर नोटिशीतले घर : स्वस्त की महाग?

सकाळी दुकान उघडले की चहाबरोबर वर्तमानपत्र चाळायची आमची जुनी सवय आहे. पूर्वी 'घर विकणे आहे' अशा छोट्या जाहिराती एका रकान्यात मावत असत. आता पानेच्या पाने बँकांच्या नोटिशींनी भरलेली दिसतात. 'ताबा सूचना', 'विक्रीकरिता जाहीर सूचना', 'ई-लिलाव'. खाली घराचे वर्णन, क्षेत्रफळ, राखीव किंमत आणि प्राधिकृत अधिकाऱ्याची सही. किंमत बाजारभावापेक्षा चार-पाच लाखांनी कमी. माणसाचे मन तिथेच अडकते.

आमचेही अडकले होते. मोठ्या मुलाचे लग्न ठरले होते आणि घरात जागा पुरत नव्हती. त्या निमित्ताने वर्षभर आम्ही जाहिराती, दलाल, बँका आणि वकील यांच्या मागे फिरलो. त्यात जे कळले ते आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडतो. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. नोटिशीतली मराठी आम्हालाही दोनदा वाचावी लागते, म्हणून शक्य तितके सोपे लिहितो.

आधी साधी जाहिरात

कापडाचा ताका घेताना आपण वरची घडी पाहून पैसे देत नाही. ताका उलगडतो, उजेडात धरतो, मीटरने मोजतो. घराच्या बाबतीत मात्र तोच माणूस जाहिरातीवर विश्वास ठेवतो.

एकच खोली चार दलालांकडे चार भावांनी लावलेली आम्ही पाहिली. एका जाहिरातीतले घर तर दोन महिन्यांपूर्वीच विकले गेले होते. गिऱ्हाईक आत यावे म्हणून ती जाहिरात तशीच ठेवलेली होती. मागितलेला भाव म्हणजे फक्त मालकाची इच्छा असते. खरा भाव कळतो तो दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या 'सूची क्रमांक दोन'वरून. त्याच इमारतीतली गेल्या वर्षभरातली दोन-तीन खरेदीखते पाहिली की बाजार समोर येतो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरही हा शोध घेता येतो.

दुसरी गोष्ट क्षेत्रफळाची. 'साडेसहाशे फूट' असे कोणी म्हणाले तर कोणते फूट ते विचारावे. सुपर बिल्टअपमध्ये जिना, लॉबी, सगळेच धरलेले असते. आपल्या पायाखाली येते ते चटई क्षेत्र. २०१७ साली महाराष्ट्रात महारेरा सुरू झाल्यापासून नोंदणीकृत प्रकल्पातले घर चटई क्षेत्रावरच विकावे लागते आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. क्रमांक नसेल तर का नाही, हे विचारल्याशिवाय एक पैसाही देऊ नये.

तिसरी गोष्ट जिवाची आहे. २०१३ साली शीळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि सत्तरहून अधिक माणसे गेली. २०२० साली भिवंडीत जिलानी इमारत पडली, तिथेही तीसहून अधिक बळी गेले. या इमारतींत आपलेच मजूर, आपलेच कारागीर राहत होते. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र हे कागद श्रीमंतांचे चोचले नव्हेत. नोटरीच्या कागदावर घेतलेले घर किंवा नुसत्या मुखत्यारपत्रावर घेतलेले घर मालकी देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच मुखत्यारपत्राच्या विक्रीबद्दल ही गोष्ट स्पष्ट केली आहे.

बँकेच्या नोटिशीमागचा कायदा

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, तारण घर जप्त करून विकण्याला 'फोरक्लोजर' म्हणतात. आपल्याकडे बँकेत हाच शब्द वेगळ्या अर्थाने चालतो. मुदतीआधी सगळे कर्ज फेडून खाते बंद करणे म्हणजे फोरक्लोजर. त्यामुळे बँकेत जाऊन 'फोरक्लोजरचे घर दाखवा' म्हटले तर कारकून गोंधळतो. आपल्याकडे विचारायचे ते 'सरफेसीखालचा लिलाव'.

सरफेसी हा २००२ सालचा कायदा. दिवाणी दावा न लावता बँकेला तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकता येते. हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते. मग बँक ६० दिवसांची मागणी नोटीस देते. कर्जदाराने हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत कारणासह उत्तर द्यावे लागते. ६० दिवसांत पैसे आले नाहीत तर बँक ताबा घेते, दारावर नोटीस चिकटवते आणि दोन वर्तमानपत्रांत छापते. त्यानंतर मूल्यांकन, राखीव किंमत, आणि विक्रीआधी कर्जदाराला ३० दिवसांची सूचना. पहिला लिलाव फसला तर पुढच्या लिलावाला १५ दिवसांची सूचना पुरते.

सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरवले. पतसंस्थांचे लिलाव मात्र सहकार कायद्याच्या कलम १५६ आणि नियम १०७ खाली, वसुली अधिकाऱ्यामार्फत होतात. तिथे पैसे भरण्याचे आणि विक्री कायम होण्याचे नियम निराळे आहेत. म्हणून नोटीस हातात आली की लिलाव कोणत्या कायद्याखाली आहे ते आधी वाचावे.

'सांकेतिक ताबा' : हा शब्द लाल पेनाने अधोरेखित करा

नोटिशीत ताब्याचा प्रकार लिहिलेला असतो. 'प्रत्यक्ष ताबा' म्हणजे कुलूप बँकेचे आहे. 'सांकेतिक ताबा' म्हणजे कागदावर ताबा बँकेचा आणि घरात माणसे जुनीच. त्यांना बाहेर काढायचे तर बँकेला कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य दंडाधिकाऱ्याचा आदेश घ्यावा लागतो. कायद्यात त्याला ३० दिवसांची मुदत आहे, कारण नोंदवून ती ६० दिवसांपर्यंत नेता येते. प्रत्यक्षात आदेश, मग तहसीलदाराची तारीख, मग पोलीस बंदोबस्त, यात किती महिने जातील ते कोणी सांगू शकत नाही. तोवर कर्जदाराला कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांच्या आत अर्ज करण्याचा हक्क असतो. तेथून स्थगिती आली तर आपले पैसे आणि घर दोन्ही अडकून पडते.

शिवाय घरात भाडेकरू असेल तर गोष्ट आणखी वेगळी. भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या खऱ्या भाडेकरूला सरफेसीच्या जोरावर काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली म्हटले आहे.

'जसे आहे जेथे आहे'

प्रत्येक नोटिशीत हे शब्द असतात : 'जसे आहे जेथे आहे', 'जसे आहे जे आहे', 'जे काही आहे तेथे आहे'. आपल्या धंद्यात 'माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी असते, तसाच हा प्रकार. सोसायटीची थकबाकी, घरपट्टी, पाणीपट्टी, विजेचे बिल, भिंतीतली गळती, सगळे खरेदीदाराच्या गळ्यात. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या वीज मंडळाच्या प्रकरणात सांगितले की नियमात तशी तरतूद असेल तर लिलावात घर घेणाऱ्याला नवीन जोडणी देण्याआधी जुन्या मालकाचे वीज बिल मागता येते.

आता एक हिशेब मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत, पण प्रमाण खरे आहे.

बाजारात ४० लाखांची खोली. राखीव किंमत ३० लाख. लिलावात बसण्यासाठी सहसा राखीव किमतीच्या १० टक्के, म्हणजे ३ लाख अनामत. बोली ३२ लाखांवर आपल्या नावावर सुटली. त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, बोलीचे २५ टक्के, म्हणजे अनामत धरून ८ लाख भरायचे. विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत उरलेले २४ लाख. बँकेने लेखी मान्य केले तर मुदत वाढते, पण एकूण तीन महिन्यांच्या पलीकडे नाही. चुकलो तर भरलेली रक्कम जप्त. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी जप्ती कायम ठेवली आहे, तेव्हा 'बघू, विनंती करू' हा विचार सोडावा. दुसऱ्या बँकेचे गृहकर्ज पंधरा दिवसांत मिळेल अशा भरवशावर बोली लावणारे अनेक जण येथेच बुडतात.

पुढचा खर्च : मुद्रांक शुल्क सहा टक्के धरले तर १ लाख ९२ हजार. नोंदणी फी ३० हजार. सोसायटीची थकबाकी १ लाख ४० हजार. घरपट्टी ३५ हजार. वीज २२ हजार. वकील २५ हजार. दुरुस्ती २ लाख. बेरीज झाली ३८ लाख ४४ हजार. ताबा मिळायला दीड वर्ष लागले आणि आपण दरमहा १२ हजार भाडे भरत राहिलो तर आणखी २ लाख १६ हजार. एकूण ४० लाख ६० हजार. दहा लाखांनी स्वस्त वाटलेले घर बाजारापेक्षा ६० हजारांनी महाग पडले, आणि दीड वर्ष भांडवल अडकले ते वेगळे. घर ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीचे असेल तर १ टक्का आयकर कापून भरण्याची जबाबदारीही खरेदीदाराचीच.

लिलावात घर घेऊच नये असे आमचे म्हणणे नाही. प्रत्यक्ष ताबा असेल, थकबाकी लेखी मिळाली असेल, कागद स्वच्छ असतील आणि रक्कम हातात असेल तर चांगला सौदा होतो. व्याजाच्या भीतीने ज्यांनी गृहकर्ज टाळले आणि रोकड जमवली, त्यांना हा मार्ग सोयीचाही वाटतो. पण आकडा आधी कागदावर मांडावा, बोली नंतर.

दार उघडले तेव्हा

आता आमच्यावर गुजरलेली गोष्ट सांगतो. कल्याणच्या बाजूला एका खोलीची नोटीस आम्ही वर्तमानपत्रात पाहिली. ताबा सांकेतिक होता, पण या शब्दाचा अर्थ तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हता. बँकेचे नाव येथे सांगत नाही. पत्ता हातात घेऊन आम्ही आणि मुलगा रविवारी तिथे गेलो. बेल वाजवली. दार ज्याने उघडले तो माणूस आमच्या ओळखीचा निघाला. आठ मागांचा कारखाना होता त्याचा. वीस वर्षे आमच्या दुकानात त्याचे कापड येत होते. उधारीची एक तारीख कधी चुकली नव्हती.

आम्हाला पाहून त्याला वाटले, भेटायला आलो. आत बसवले, मुलीला पाणी आणायला सांगितले. आम्ही का आलो ते सांगायला जीभ वळेना. शेवटी मुलाच्या हातातले वर्तमानपत्र त्याने पाहिले आणि समजून गेला. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग तो म्हणाला, "शेठ, तुम्हीच घ्या. निदान ओळखीच्या माणसाकडे जाईल."

स्वतःसाठी त्याने एक रुपयाही कर्ज घेतले नव्हते. मेहुण्याच्या कॅश क्रेडिटसाठी जामीन राहिला होता आणि घराचे कागद तारण दिले होते. मेहुण्याचा धंदा बसला. बँकेचे इंग्रजी पत्र आले, ते मुनीमाला दाखवले. मुनीम म्हणाला, नेहमीचे पत्र आहे. त्याने ते कपाटात ठेवले. ते ६० दिवसांचे मागणीपत्र होते. मग दारावर कागद चिकटला, तो लाजेपोटी फाडून टाकला. हरकत घेण्याची मुदत गेली, न्यायाधिकरणात जाण्याची मुदत गेली. कायद्यात २०१६ साली बदल झाला आहे. विक्रीची सूचना प्रसिद्ध होण्याआधीच पूर्ण रक्कम भरून घर सोडवता येते, त्यानंतर तो हक्क संपतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बाफना मोटर्स प्रकरणात हेच सांगितले. आम्ही त्याच्या घरी बसलो होतो तेव्हा ती सूचना आमच्याच हातात होती.

आम्ही बोली लावली नाही. त्यात मोठेपणा काही नाही, मन झाले नाही एवढेच. पहिल्या लिलावाला कोणी आले नाही, दुसऱ्यात एका तरुण नोकरदाराने घर घेतले. तो माणूस भला निघाला. धाकदपटशा न करता घरी येऊन बोलला, मुलीच्या परीक्षेपर्यंत थांबला आणि सामान हलवायला टेम्पो दिला. त्याला दंडाधिकाऱ्याच्या आदेशाची वाट पाहावी लागली नाही. बँकेला कळवून आणि लेखी करून घेतलेला असा समजुतीचा मार्ग दोन्ही बाजूंना सोपा जातो.

एक गोष्ट मात्र आम्ही केली. वकिलांना विचारले तेव्हा कळले की कर्ज, व्याज आणि खर्च वळते करून जी रक्कम उरते ती हक्कदाराला परत मिळते. आमच्या मित्राला हे कोणी सांगितलेच नव्हते. त्याच्याकडून हिशेब मागणारा लेखी अर्ज करवून घेतला, पोच घेतली, तीन वेळा खेपा घातल्या. काही महिन्यांनी २ लाख ७० हजार रुपये त्याच्या खात्यात आले. त्यात त्याने भाड्याच्या खोलीची अनामत भरली आणि दोन माग पुन्हा सुरू केले.

म्हणून बोली लावणाऱ्या बांधवांना एक विनंती. काही ठिकाणी चार खरेदीदार आपसात ठरवून भाव दाबतात. दाबलेला प्रत्येक रुपया बँकेच्या खिशातून जातो असे समजू नये. बहुधा तो त्या घरातल्या मुलांचा असतो.

बोलीआधी काय पाहावे

एक : बँकेला लेखी विचारावे. ताबा प्रत्यक्ष आहे की सांकेतिक, कलम १४ चा आदेश आला आहे का, न्यायाधिकरणात अर्ज आहे का. न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर कर्जदाराच्या नावाने स्वतःही शोध घ्यावा.

दोन : वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहावी. केंद्रीय तारण नोंदणी, म्हणजे सेरसाई, २०११ पासून चालू आहे. तेच घर दुसऱ्या बँकेकडेही तारण आहे का, ते तिथे थोड्या फीमध्ये कळते.

तीन : घर वडिलांच्या नावावरचे असेल तर वारस मोजावेत. थोरल्या भावाने तारण ठेवले आणि बहिणींची सहीच नाही, अशी प्रकरणे आपल्या समाजात फार. बहिणीचा हिस्सा शरीअतने ठरवलेला आहे. ती न्यायालयात गेली तर खरेदीदार वर्षानुवर्षे फिरत राहतो. जमीन वक्फची आहे का हेही पाहावे. वक्फची मिळकत विकता येत नाही.

चार : जुन्या मुंबईतली पागडीची खोली आणि मालकीचे घर यांत गल्लत करू नये. पागडीत आपण भाडेकरूच असतो.

पाच : सोसायटी, पालिका आणि वीज कंपनी, तिघांकडून थकबाकी लेखी घ्यावी. घर आतून पाहण्याची तारीख नोटिशीत दिलेली असते, ती चुकवू नये.

सहा : सरकारी बँकांचे लिलाव आता 'बँकनेट' या संकेतस्थळावर एकत्र दिसतात. 'बँकेत ओळख आहे, लिलावाआधीच मिळवून देतो' असे म्हणणाऱ्याच्या हातात पैसे देऊ नयेत. रक्कम फक्त नोटिशीत छापलेल्या बँकेच्या खात्यात जाते. शेवटी प्राधिकृत अधिकाऱ्याचे विक्री प्रमाणपत्र घ्यावे, त्यावर मुद्रांक शुल्क भरावे आणि नोंद करून घ्यावी.

आणि जे आज कर्जात आहेत त्यांना

हे पान वाचणाऱ्यांत घर घेणारे जितके आहेत तितकेच घर तारण ठेवणारेही आहेत. सूत घ्यायला, माग बदलायला आपण घराचे कागद सहज देतो. दुसऱ्याला जामीन राहणे म्हणजे त्याचे कर्ज आपले म्हणून लिहून देणे, हे लक्षात ठेवून सही करावी. बँकेचे पत्र इंग्रजीत असेल तर त्याच दिवशी वकिलाकडून वाचून घ्यावे. ६० दिवसांच्या आत बँकेत जावे, हरकत लेखी द्यावी, तडजोडीची रक्कम विचारावी. जमत नसेल तर लिलावाची वेळ येण्याआधी बँकेच्या संमतीने स्वतः गिऱ्हाईक शोधून घर विकावे. भाव चांगला येतो आणि दारावर कागद चिकटत नाही.

आमच्या मुलासाठी आम्ही शेवटी साधे पुनर्विक्रीचे घर घेतले. सूची क्रमांक दोन पाहून भाव ठरवला, सोसायटीचे ना हरकत पत्र घेतले, सगळ्या वारसांच्या सह्या घेतल्या. नोटिशीतल्या घरापेक्षा दोन लाख जास्त गेले. पण किल्ली त्याच दिवशी हातात आली.

तो जुना मित्र गेल्या महिन्यात दुकानात आला होता, दोन मागांचे कापड घेऊन. माल चोख होता. जाताना खिशातून बँकेचे एक बंद पाकीट काढले आणि म्हणाला, "शेठ, हे आधी वाचून द्या." खात्याचा साधा उतारा होता. तरी वाचून दाखवला.